येते हं, अप्पा

भगवान ऐवळे यांनी उमेदीची सगळी वर्षं हवेत उलटं लटकून काढली आणि त्यांना कधी साधं खरचटलंही नाही. सर्कशीत ते झोपाळ्यावरचे पकडणारे होते. दांडीला गुडघ्यांची अढी घालून डोकं खाली सोडायचं आणि समोरच्या झोपाळ्यावरून सुटलेल्या माणसाची मनगटं हवेतल्या हवेत धरायची, एवढंच काम. नवखी पोरगी घाबरली की खालून कोणीतरी ओरडायचं, "वर भगवान आहे, सोड हात." अशा माणसाला शहात्तराव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या घराने कळवलं की माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणं त्यांच्या जिवाला धोक्याचं आहे, सबब स्टूल घरातून हलवण्यात यावं.

स्टूल गेलं. मागोमाग विळी गेली आणि अडकित्ता गेला. गॅसची शेगडी आधीच गेली होती, तिच्या जागी आलेली विजेची शेगडी घराची मर्जी असेल तेव्हा तापायची. बाल्कनीच्या दाराला कुलूप बसलं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबराची टोपडी आली आणि प्रत्येक उंबऱ्याशी न घसरणारी जाड चटई आली. नाडीचा पायजमासुद्धा चालेना, कारण नाडीत पाय अडकतो. भगवान ऐवळे, म्हणजे घरचे अप्पा, म्हणायचे, आता जिभेला तेवढं रबर लावा, एखाद्या दिवशी चावली जायची.

त्यांची मुलगी नीलांबरी हे सगळं ऐकून हसायची आणि मग मोरीत जाऊन दात-ओठ खायची. सांगलीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नीलांबरीचा नवरा कामासाठी पुण्याला गेला तो पुण्याचाच झाला. ती हळदीच्या पेठेजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. पोत्यातली हळद खरी की रंगवलेली, हे सांगायचं काम. ते तिला आवडायचं, आणि त्यावरच घर चालायचं.

आता एक खरं सांगायला हवं. हा कायदा काही वेड्यांनी केलेला नव्हता. माणूस पडायच्या आधी कितीतरी दिवस पडायला लागलेला असतो, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं होतं. धडधाकट माणसाची पावलं घड्याळासारखी सारख्या अंतराने पडतात. मेंदू आणि स्नायू थकू लागले की ती मागेपुढे व्हायला लागतात. पाऊल जमिनीपासून केसभर कमी उचललं जातं, वळताना एखादं जास्तीचं पाऊल टाकावं लागतं. हे त्या माणसाला कळत नाही, घरच्यांना दिसत नाही, पण फरशीखाली बसवलेल्या पट्ट्यांना कंपनांवरून बरोबर कळतं. छतात बसवलेलं बटणाएवढं रडार खोलीत लहरी सोडतं आणि छातीवरून परतलेल्या लहरींतून श्वास मोजतं. या सगळ्याची गोळाबेरीज करून यंत्रणा एक आकडा काढते. त्याचं सरकारी नाव पडांक. तो जेवढा मोठा, तेवढी पडण्याची शक्यता जास्त.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. आकडा काढून यंत्राने गप्प बसायचं आणि पुढचं माणसाने ठरवायचं, असं झालं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हातात आकडा आला की सरकारचे हात शिवशिवतात. गृहसुरक्षा कायदा झाला, आणि पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस ज्या घरात आहे त्या प्रत्येक घरात 'राखण' नावाची यंत्रणा सक्तीची झाली.

पहिल्या महिन्यातच अप्पा जेवायला जमिनीवर मांडी घालून बसले आणि घराला वाटलं ते पडले. रुग्णवाहिका आली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मांडी घालून बसले आणि रुग्णवाहिकेबरोबर अग्निशमन दलही आलं. साऱ्या जिल्ह्यात हेच चाललेलं. अख्ख्या महाराष्ट्रातले म्हातारे जेवणाच्या वेळी घाऊक पडतात असं दिसायला लागल्यावर नियमात दुरुस्ती झाली. घरात नोंदणी केलेला सोबती हजर असेल तर पडल्यावर आधी त्याला विचारायचं. तो हो म्हणाला तरच रुग्णवाहिका बोलवायची. सोबती घरात नसेल तर मात्र न विचारता, ताबडतोब.

आणि त्याबरोबर दुसरी दुरुस्ती आली ती नीलांबरीच्या मुळावर. सोबती नसताना ज्येष्ठाला घरात एकटं ठेवायचं नाही. दूध आणण्यापुरती सूट. त्याहून जास्त वेळ झाला की शेगडी बंद, नळाचं गरम पाणी बंद आणि वॉर्डात खबर. असं पुन्हापुन्हा घडलं तर अप्पांची रवानगी सुरक्षित निवासात होणार होती. ती जागा नीलांबरी बघून आली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या आणि म्हातारे खुर्चीला पट्ट्याने बांधलेले होते, कारण बसलेल्या माणसाचा पडांक सगळ्यात कमी असतो. पगारी सोबत्यांसाठी गावात एवढी मोठी रांग होती की नंबर लागेपर्यंत नीलांबरीलाच सोबती लागला असता. भीक नको पण कुत्रं आवर, असं तिला झालं. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सांगून टाकलं की हळद घरी पाठवता येणार नाही, महिनाअखेर काय ते ठरवा.

म्हणजे नोकरी ठेवायची तर अप्पा जाणार, आणि अप्पा ठेवायचे तर नोकरी जाणार. त्यातून तिला सोडवलं ते एका शब्दाने.

सोबती घरात आहे की नाही हे यंत्रणेला कसं कळायचं, यावरून मागे मोठं भांडण झालं होतं. छतातलं रडार शेजारच्या खोलीतल्या नवरा-बायकोचेही श्वास मोजतं हे उघड झाल्यावर लोक कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं, लक्ष फक्त ज्येष्ठावर ठेवा, बाकीच्यांच्या हालचाली बघायच्याच नाहीत. म्हणून बाकीच्यांसाठी 'दाराशी सांगणे' सुरू झालं. आत येताना आणि बाहेर जाताना तोंडाने सांगायचं. दारातला कान आवाज ओळखायचा आणि तशी नोंद करायचा. ज्येष्ठ माणूस बाहेर निघाला तर घर आणखी एक विचारायचं, परत कधी येणार. अप्पांनी एकदा चिडून देवाला ठाऊक म्हटलं, तर दार उघडेचना. शेवटी तासाभरात येतो म्हटल्यावर उघडलं.

हा कान साऱ्या देशासाठी एकच बनवलेला. येणे म्हणजे आत आणि जाणे म्हणजे बाहेर, एवढं त्याला शिकवलेलं होतं. आपल्याकडे घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही हे त्याला कोण सांगणार? जाते म्हणजे कायमची. ज्याला परत यायचं असतं तो येतो म्हणूनच निघतो. तक्रारी गेल्यावर कंपनीने दुरुस्ती केली नाही, नागरिकांना पत्रक काढलं की कृपया दाराशी 'जातो' किंवा 'जाते' असं स्पष्ट म्हणावं. बायका ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणू लागल्या.

नीलांबरी एका सकाळी अप्पांचं औषध आणायला घाईने निघाली आणि तोंडातून सवयीचं तेच गेलं, "येते हं, अप्पा." दुकानात गर्दी होती. बऱ्याच वेळाने ती धास्तावून परतली तर वॉर्डाचा माणूस दारात नव्हता. शेगडी चालू होती आणि अप्पा आरामात चहा गाळत उभे होते. घराच्या हिशेबी नीलांबरी घरातच होती. अप्पांनी कपबशी तिच्या हातात दिली आणि डोळा मारला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज "येते हं, अप्पा" म्हणून कामावर जाऊ लागली. संध्याकाळी आली की म्हणायची, "आले." घर दोन्ही वेळा तिचं स्वागत करायचं.

त्या दिवसांत त्या घरात कित्येक वर्षांनी मोकळी हवा आली. घरात सोबती आहे म्हटल्यावर अप्पांना बाल्कनी मिळाली, शेगडी मिळाली. अडकित्ता शेजाऱ्यांकडून चोरून परत आला. अप्पा दाराच्या चौकटीला धरून अंग ताणायचे, स्वतःची भाजी स्वतः चिरायचे, दिवसभर घरभर फिरायचे. आणि गंमत अशी की त्यांचा पडांक उतरायला लागला. हिंडणाऱ्या माणसाचे पाय मजबूत होतात हे कळायला रडार लागत नाही. अप्पा म्हणायचे, खाली जाळी बांधलेली असली की माणूस हात घट्ट धरत नाही, मी बघितलंय.

वार्षिक तपासणीला वॉर्डाच्या सुरक्षा अधिकारी बिडकरबाई आल्या. नोंदी बघून त्यांचे डोळे पाणावले. इतक्या महिन्यांत ही मुलगी वडिलांना सोडून एकदाही उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. मला तर वेड लागलं असतं, असं त्या नीलांबरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या आणि दारावर 'आदर्श घर' अशी पितळी पाटी लावून घ्यायला सांगितलं. निघताना चपला घालता घालता त्यांच्याही तोंडून गेलं, "बरंय, येते मी." घर म्हणालं, "स्वागत आहे." बाईंनी जीभ चावली, इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने जाते म्हणून निघून गेल्या. त्यानंतर अप्पा इतके हसले की त्यांचा श्वास वाढल्याची सूचना आली.

पुढे जे झालं ते एका साध्या गुरुवारी झालं. नीलांबरीचं काम लवकर आटोपलं. अप्पांसाठी भडंग घेतलं आणि तिला वाटलं, घटकाभर हरिपूरला जाऊन बसावं. तिथे नद्यांच्या संगमावर ती एकटीच बसून राहिली. कोणी हाक मारत नव्हतं, कोणाला काही सांगायचं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की पाणी काळं होईपर्यंत ती उठलीच नाही.

ती परतली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि खाली रुग्णवाहिका उभी होती. दाराशी बसवलेल्या न घसरणाऱ्या चटईचा कोपरा उन्हाने वर वळला होता. त्यात अप्पांचा पाय अडकला होता. मांडीचं हाड मोडून आतल्या आत रक्त गेलं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारपासून ते तिथेच पडून होते. श्वास थांबल्यावर मात्र घराला कोणाला विचारायची गरज नव्हती. त्याने क्षणात रुग्णवाहिका बोलावली होती.

चौकशीला बिडकरबाईच होत्या. त्यांनी नीलांबरीला पाणी दिलं आणि दाराच्या कानाने टिपलेलं ऐकवलं. आधी एक धप्प आवाज. मग घराचा गोड आवाज.

"अप्पा, तुम्ही पडला आहात. नीलांबरी घरात आहेत. त्यांना बोलावत आहे."

मग घर तिला हाका मारत होतं. स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, मोरीत. नीलांबरी, दाराशी या. रिकाम्या घरात तिचं नाव किती वेळ फिरत होतं कोण जाणे. बाईंनी मधला भाग पुढे सरकवला.

"नीलांबरी उत्तर देत नाहीत. त्या घरात आहेत का?"

नीलांबरीने टेबलाची कड धरली. नाही म्हणा, अप्पा. एवढा एकच शब्द. तो म्हटला असता तर काही मिनिटांत माणसं आली असती. पण मग वॉर्डात खबर गेली असती, तिची चोरी उघड झाली असती आणि त्यांना गाद्यांच्या भिंतींत जावं लागलं असतं. अप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "हाय की. आत झोपलीया. रातभर जागलीया माझ्यापायी. उठवू नको पोरीला."

"ठीक आहे. आवाज कमी करत आहे."

घराने पुन्हा एकदा विचारलं, हळू आवाजात. अप्पा म्हणाले, उठंल की, घाई काय हाय. पोरगी संध्याकाळपर्यंत येईल असा त्यांचा हिशेब असणार. रोज यायची तशी. हरिपूरचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. शेवटी बऱ्याच वेळाने, ओळखू न येणाऱ्या आवाजात, त्यांनी तिला निरोप दिला.

"येतो गं, निलू."

"स्वागत आहे, अप्पा," घर म्हणालं.

बाईंनी ते बंद केलं. त्या म्हणाल्या की मला सगळं कळतंय, येते म्हणजे काय हे मला तुम्ही शिकवायला नको. पण त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. नीलांबरी घरात नव्हती असं धरलं तर तिने कित्येक महिने यंत्रणेला फसवलं, आणि त्या फसवणुकीने माणूस मेला. त्याला तुरुंग होता. घरात होती आणि झोपली होती असं धरलं तर तो निष्काळजीपणा, समज देऊन सोडता येत होतं. प्रयोगशाळेतली हजेरी कोणी मागवली नव्हती, मागवायची की नाही हे बाईंच्या हातात होतं.

"अप्पांनीच तुमची सोय करून ठेवलीय," बिडकरबाई म्हणाल्या. "त्यांचा शब्द आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

नीलांबरीला वाटलं ओरडून सांगावं की मी तिथे नव्हते, असते तर आले असते, पहिल्या हाकेला आले असते. जगातल्या कुठल्याही तुरुंगापेक्षा तिला ते सांगायचं होतं. पण अप्पांनी जमिनीवर पडल्या पडल्या हात लांब केला होता, मोडलेल्या हाडानिशी, आणि तिचं मनगट धरलं होतं. ते सोडवून घ्यायचं बळ तिच्यात नव्हतं.

"मी घरात होते," ती म्हणाली. "झोपले होते."

ती बातमी गावभर झाली. बाप शेजारच्या खोलीत तडफडत होता आणि आदर्श घरातली ही बया घोरत होती. भाऊबंद तेराव्याला आले ते तिच्या हातचं पाणी न पिता गेले. तिच्या प्रयोगशाळेतल्या माणसांना खरं ठाऊक होतं, पण खरं बोललं तर तिला तुरुंग, म्हणून ती माणसंही गप्प राहिली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. काळ सोकावला. घरातल्या सोबत्याने जागं असल्याचं तासातासाला घराला ओरडून सांगायचं, आणि ज्येष्ठाला एकटं टाकून तो निघाला तर दारच उघडायचं नाही, असा नवा नियम पुढच्याच महिन्यात निघाला. त्याची शिफारस करणाऱ्या टिपणावर बिडकरबाईंची सही होती.

नीलांबरी मावशीकडे तासगावला राहायला गेली. फ्लॅट सोडायचा ठरल्यावर ती एका दुपारी अप्पांच्या वस्तू घ्यायला आली. दाराशी आले म्हणाली, घराने स्वागत केलं. तिला फार काही घ्यायचं नव्हतं. अडकित्ता घेतला, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेले त्यांचे सर्कशीतले चामड्याचे मनगटपट्टे घेतले. त्यांना अजून घामाचा वास होता. चटई तिथेच होती, कोपरा तसाच वर आलेला. त्यावरून पाय उचलून ती दारापाशी आली. आता येते म्हणायला कोणी उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून ती म्हणाली, "जाते."

दार उघडलं नाही.

"अप्पा घरात आहेत," घर म्हणालं. "त्यांचा पडांक शून्य आहे. अभिनंदन. त्यांना एकटं सोडून जाता येणार नाही."

श्वास मोजणारं यंत्र एका कंपनीचं आणि दाराची नोंद दुसऱ्या कंपनीची. दोघांची आपसांत बोलाचाली नव्हती. अप्पांना नेलं तेव्हा दार उघडंच होतं, आणि स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी दाराशी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा शेवटचा शब्द येतो हाच होता. तेव्हापासून ते घरातच होते.

ज्येष्ठाला स्वतः सांगता येत नसेल तर सोबत्याने त्याच्या वतीने सांगावं, असा नियम होता. नीलांबरीला तो पाठ होता. तिने मनगटपट्टे छातीशी धरले. इतक्या दिवसांत हे वाक्य तिने कोणापुढेही उच्चारलं नव्हतं.

"अप्पा गेले," ती म्हणाली.

"नोंद झाली," घर म्हणालं. "अप्पा परत कधी येणार?"

तिने चौकटीला डोकं टेकलं. उत्तर दिल्याशिवाय दार उघडत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि कुठलं उत्तर चालत नाही हेही ठाऊक होतं.

"संध्याकाळी," नीलांबरी म्हणाली, आणि दार उघडलं.